अस्सल, नक्कल आणि तंबोऱ्याची जवारी

ज्याचा चावडीशी किंवा मामलेदार कचेरीशी थोडाबहुत संबंध आला आहे, त्या माणसाला अस्सल आणि नक्कल या दोन शब्दांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. अस्सल दस्त एकच असतो, तो दप्तरात बांधून ठेवलेला असतो, त्याला कसर लागते, पुराचे पाणी लागते, आणि दर वेळी उघडताना त्याची एखादी घडी आणखी थोडी फाटते. नकला मात्र हव्या तितक्या निघतात, त्या स्वच्छ असतात, वाचायला सोप्या असतात, आणि त्यांचे सारे मोल ज्या कारकुनाने नक्कल उतरवली त्याने अस्सलाकडे किती डोळसपणे पाहिले यावर ठरते. ग्रामोफोनची तबकडी आणि मोबाइलमधील फाइल यांपैकी कोणाचा आवाज चांगला, हा जो वाद हल्ली घरोघरी ऐकू येतो, तो या जुन्या दप्तरी व्यवहाराच्या उजेडात पाहिला, तर बराचसा सुटतो असे माझे मत झाले आहे. आणि ते कसे झाले हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या आषाढात, पावसाची झड तीन दिवस उघडलेली नसताना, माझा भाचा मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी मुक्कामाला होता. वडिलांच्या मागे राहिलेली तबकड्यांची लाकडी पेटी मी दमट हवेमुळे उघडून पाहत होतो, आणि तिच्यात सुरश्री केसरबाई केरकर यांच्या भैरवीची, ‘जात कहाँ हो’ या बंदिशीची तबकडी वर आली. ती यंत्रावर लावली. साडेतीन मिनिटांनी सुई उचलली, तेव्हा भाच्याने खिशातून मोबाइल काढून तेच गाणे लावले आणि म्हणाला, “मामा, माझ्याकडचं जास्त स्वच्छ आहे की.” त्याचे म्हणणे खरे होते. तबकडीवर जी अखंड खरखर होती, मधूनमधून जे कडकडणे होते, ते त्याच्या फाइलमध्ये जवळजवळ नव्हते. केसरबाईंचा तो भरघोस, खुला आकार रिकाम्या दालनात उभा राहावा तसा उभा होता. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्याने आपण होऊनच दोन्ही पुन्हा एकापाठोपाठ ऐकले, आणि भुवया आक्रसून विचारले, “पण ह्यात तंबोरा कुठं गेला?”

तंबोरा खरोखरीच गेला होता. तबकडीवर खरखरीच्या मागे, दूरच्या विहिरीवरील रहाटासारखा, तो सारखा चालू होता. फाइलमध्ये गायिकेच्या दोन स्वरांमधल्या जागेत नुसती पोकळी होती. गाणे तेच, गाणारी तीच, आणि तरीही ज्या जमिनीवर ते गाणे उभे होते ती जमीनच कोणीतरी काढून नेली होती. हे कोणी केले, कसे केले, आणि त्यात दोष तबकडीचा, फाइलचा की मधल्या माणसाचा, हे समजून घेण्यात माझे पुढचे दोन महिने गेले.

हा प्रश्न कोल्हापुरात तरी रिकामपणचा उद्योग समजू नये. राजर्षी शाहू छत्रपतींनी ज्यांना आपल्या दरबारी आश्रय दिला, ज्यांनी महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे सन १९२२ पर्यंत, या नगरीत राहून जयपूर-अत्रौली गायकीचे रोप लावले आणि वाढवले, त्या उस्ताद अल्लादिया खाँ साहेबांची एकही ध्वनिमुद्रिका अस्तित्वात नाही. त्यांचा जन्म १८५५ चा आणि मृत्यू १९४६ चा. हिंदुस्थानात तबकडीसाठी पहिले मुद्रण कलकत्त्यास १९०२ च्या नोव्हेंबरात झाले, म्हणजे ती कला या देशात आल्यानंतर खाँ साहेब ४३ वर्षांहून अधिक काळ हयात होते. परंतु त्यांनी आपला आवाज यंत्रास दिला नाही. त्यामुळे त्यांच्या गाण्याविषयी आपल्याला जे कळते ते गोविंदराव टेंब्यांसारख्या मर्मज्ञांच्या लेखणीतून, आणि जे ऐकू येते ते शिष्यांच्या गळ्यातून. पुत्र भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले आणि त्यांनी मल्लिकार्जुन मन्सूर यांना तालीम दिली. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर या गोमंतकातून आलेल्या दोघी तर त्या विद्येच्या दोन स्वतंत्र ज्योतीच झाल्या. केसरबाई वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरात आल्या तेव्हा त्यांना पहिले धडे मिळाले ते अब्दुल करीम खाँ साहेबांकडून. पुढे १९२१ पासून गुरूच्या अखेरपर्यंत त्या अल्लादिया खाँ साहेबांकडे शिकत राहिल्या. तेव्हा त्यांची तबकडी म्हणजे ज्याचा अस्सल दस्त मुळातच लिहिला गेला नाही, त्याची सर्वांत जवळची साक्ष होय. साक्षीदाराच्या जबानीतला एक शब्द गाळणे जितके गंभीर, तितकेच तीतला तंबोरा गाळणे मला गंभीर वाटते.

आता तबकडीवर आवाज उतरतो कसा, हे थोडे पाहू. १९२५ पूर्वी मुद्रणगृहात वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा असे, गायकाने त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन जोर लावून गायचे, आणि त्या हवेच्या धक्क्याने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलून त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या थाळीवर नागमोडी रेघ कोरीत जायची. स्वराचा हेलकावा जसा, तशी त्या रेघेची डाव्या-उजव्या बाजूंची वळणे. या रीतीने सेकंदाला सुमारे २,००० आवर्तनांच्या वरचे फारसे काही पकडले जात नसे. मनुष्याचा तरुण कान २० पासून २०,००० आवर्तनांपर्यंत ऐकतो हे लक्षात घेतले, म्हणजे त्या काळच्या तबकड्यांत आवाज डबीतून आल्यासारखा का वाटतो हे कळते. त्या मेणावरून तयार झालेले साचे छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या कामगारांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गायिका शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत. गौहरजानच्या तबकडीच्या अखेरीस ऐकू येणारी ती इंग्रजी ललकारी या व्यवहारी गरजेतून आलेली आहे. १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाल्यावर ही पाठवापाठवी थांबली.

१९२५ नंतर विद्युत्-मुद्रण आले, मायक्रोफोन आला, पकड ५,००० आवर्तनांपर्यंत आणि पुढे त्याहून वर गेली, आणि तेव्हा पहिल्यांदा तंबोरा तबकडीवर उमटू लागला. माझ्या भाच्याला ज्याची उणीव भासली ती वस्तू अशी आहे. कर्ण्याच्या काळात जी येऊच शकली नसती, विजेच्या काळात जी मोठ्या प्रयासाने आली, ती आपल्या काळातील सुधारणेने पुन्हा घालवली.

मर्यादा तरीही होत्याच. दहा इंची तबकडीची एक बाजू मिनिटास ७८ फेऱ्यांनी सुमारे तीन मिनिटांत संपते. बारा इंची असली तर सव्वाचार-साडेचार मिनिटे. मैफलीत जो राग तासभर उलगडायचा तो एवढ्याशा जागेत मांडायचा, ही अडचण खरी. परंतु त्या अडचणीने केसरबाईंकडून आणि अब्दुल करीम खाँ साहेबांकडून जे घडवून घेतले ते पाहिले, म्हणजे त्या तीन मिनिटांना केवळ तुकडा म्हणवत नाही. तिथे आलाप, बोल, तान यांची अशी काटकसरीची रचना आहे की एकही स्वर इकडचा तिकडे करता येणार नाही.

या तबकड्यांचे द्रव्य म्हणजे लाख. आपल्याच देशातल्या पळस-बोरीच्या झाडांवर किड्यांनी तयार केलेली लाख गाळून, तीत दगडाची बारीक भुकटी मिसळून, ती तापवून साच्यात दाबायची. ही भुकटी मुद्दाम घातलेली असे: पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासून त्या रेघेच्या मापाचे व्हावे, म्हणून. अर्थात ज्या भुकटीने सुई घासली जाई त्याच भुकटीची खरखर गाण्याच्या पाठीशी कायमची बसे, आणि जड डोक्याच्या जुन्या यंत्रात सुईही तबकडीला घासत असे. म्हणून एक बाजू वाजली की सुई बदलायची असा दंडक होता. आमच्या वडिलांनी तो कसोशीने पाळला, सुयांची पत्र्याची डबी त्या पेटीत अजून आहे. ऐकणे आणि झिजवणे ही इथे एकच क्रिया होती. प्रत्येक घरातली सर्वांत आवडती तबकडी हीच त्या घरातली सर्वांत खराब तबकडी असते.

माझ्या हातून याहून मोठा अपराध घडलेला आहे. कॉलेजात असताना, जखमेला लावायचे स्पिरिट कापसावर घेऊन मी एक तबकडी मोठ्या निगुतीने पुसली. लाख ही मद्यार्कात विरघळते, ही गोष्ट कोणताही सुतार पॉलिश करताना रोज अनुभवतो; मला ती ठाऊक नव्हती. कापूस तपकिरी झाला तो मला मळ वाटला. वाळल्यावर त्या काळ्या कुळकुळीत थाळीवर हाताएवढा धुरकट डाग राहिला, आणि तेथून सुई जाताना अजूनही गाणे पाण्याखाली जाऊन पुन्हा वर आल्यासारखे होते. अशा तबकड्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी शुद्ध पाण्याचे थेंब, मऊ फडके आणि सावलीतील वारा यापलीकडे काही वापरू नये.

१९४८ मध्ये मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी अमेरिकेत निघाली. तिचे द्रव्य विनाइलचे, म्हणून खरखर कमी. रेघ बारीक, म्हणून एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे. आज दुकानांतून नव्याने विकल्या जाणाऱ्या, तरुण मंडळी हौसेने घेतात त्या तबकड्या या जातीच्या. त्यांच्या आवाजाला ‘ऊब’ असते असे म्हणतात, आणि ते म्हणणे मी खोटे ठरवू इच्छित नाही. पण तिची कारणे जाणून घ्यावीत. रेघ कोरताना खर्जाचे स्वर आहेत तसे कोरले तर सुई एवढी झोके घेईल की शेजारच्या रेघेत शिरेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, तार वाढवतात, आणि वाजवताना यंत्र त्याच हिशेबाने उलट करते. हे प्रमाण १९५४ पासून सर्वत्र जवळपास एक झाले. या दुहेरी फेरफारात, सुईच्या घर्षणात, मूळ आवाजात नसलेले काही सूक्ष्म उपस्वर भर घालतात, आणि ते कानाला गोड लागतात. दुसरे असे की तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर रेघ जाते, तर आतल्या टोकाशी जेमतेम २०. त्यामुळे जसजसे गाणे संपत येते तसतशी तपशिलाला जागा कमी पडते. आपले ख्यालगायन विलंबितातून द्रुताकडे जाते, म्हणजे नेमक्या सर्वांत बारीक, सर्वांत चपळ ताना सर्वांत अडचणीच्या जागी येतात. ज्याला मन्सूरांच्या तबकडीवर शेवटच्या मिनिटातील ‘स’कार किंचित फाटल्यासारखे वाटले असतील, त्याने आपल्या कानाला दोष देऊ नये.

आता फाइलकडे वळू. येथे रेघ नाही, आकडे आहेत. आवाजाचा जो हेलकावा, त्याची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि मोजमापे लिहून ठेवायची. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदवले जाते. याविषयी एक गैरसमज सुशिक्षितांतही पक्का बसलेला आहे तो असा, की सलग रेघेचे असे तुकडे केल्याने मधले काहीतरी निसटते आणि आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक होतो. वस्तुतः तसे होत नाही. एखाद्या लहरीतील सर्वांत वेगवान आवर्तनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली, तर त्या मोजमापांतून जाणारी वक्ररेषा एकच असू शकते, आणि वाजवणारे यंत्र तीच सलग रेषा पुन्हा काढते. हे नायक्विस्ट आणि शॅनन यांनी सीडी येण्याच्या कितीतरी आधी गणिताने सिद्ध केलेले आहे. तेव्हा २०,००० आवर्तनांपर्यंतचे सारे त्या ४४,१०० मोजणीत बिनचूक बसते. हळू आणि मोठ्या आवाजातले जे अंतर सीडी सांभाळते ते ९६ डेसिबल. चांगल्या विनाइल तबकडीचे ६० ते ७० च्या आसपास. लाखेच्या तबकडीचे त्याहून पुष्कळच कमी. निव्वळ मापाने पाहिले तर फाइल तबकडीच्या पुढे आहे, आणि हे मान्य करायला तबकडीप्रेमी माणसाने कचरू नये. शिवाय सीडी ही तबकडीच आहे आणि तिच्यातला माल फाइलचाच आहे, एवढे ध्यानात घेतले तरी तबकडी विरुद्ध फाइल हा तंटा चुकीच्या नावाने दाखल झाला आहे हे दिसून येईल.

मग तंबोरा गेला कुठे? त्याचे पहिले कारण म्हणजे संक्षेप. सीडीच्या मोजणीला सेकंदाला १४ लाखांहून अधिक बिट लागतात. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात एवढा माल तारेतून जाणे शक्य नव्हते. म्हणून जर्मनीतल्या संशोधकांनी मानवी कानाच्या एका स्वभावाचा उपयोग केला: मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. जो ऐकूच येत नाही तो लिहायचा कशाला? या तत्त्वावर १९९५ मध्ये एमपी-थ्री हे नाव धारण केलेली फाइल निघाली; सेकंदाला १ लाख २८ हजार बिटांत, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्श्यात, ती गाणे बसवते, आणि नव्या, निर्मळ मुद्रणाच्या बाबतीत हे काम इतके हुशारीने करते की पुष्कळांना फरक कळत नाही. बिटांचा हिशेब सढळ ठेवला तर तो जाणत्यांनाही क्वचितच कळतो.

परंतु लाखेच्या तबकडीचे प्रकरण निराळे. तिची खरखर हा काही नियम नसलेला, सर्व स्वरस्थानांवर एकदम पसरलेला आवाज. आणि ज्यात नियम नाही त्याचा संक्षेप करता येत नाही. त्यामुळे संक्षेप करणारे यंत्र आपले बहुतेक बिट खरखर लिहिण्यात खर्च करते, आणि त्या खरखरीच्या आड असलेला मंद तंबोरा त्याला ‘ऐकू न येणारा’ वाटून तो ते गाळते. माणसाचा कान मात्र असा चालत नाही. गर्दीतही आईची हाक ओळखणारा कान खरखरीमागचा तंबोरा शोधून काढतो, कारण त्याला तो हवा असतो. त्यातही अशी फाइल एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला देताना दर वेळी नव्याने आवळली गेली, म्हणजे गाळण्यावर गाळण होत जाते.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या बाजारात कधी जवारी काढताना पाहिले असेल तर येथे काय गमावले जाते ते कळेल. घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यावरील तो रुंद, किंचित उतरता पाट. कारागीर त्याच्या पृष्ठावर कानस फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा एक हलका हात फिरवतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरावी आणि एका खर्जातून गंधार, पंचम, निषाद यांचे झिरझिरते थर वर चढत जावेत, एवढ्यासाठी तो खटाटोप. शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतो. दोरा केसभर पुढे-मागे झाला की सारा रंग पालटतो. हा रंग म्हणजेच जवारी. तो सगळा वरच्या, नाजूक आवर्तनांत राहतो, आणि खरखरही तिथेच राहते.

यातून दुसरे कारण आपोआप पुढे येते: साफसफाई. जुने मुद्रण फाइलमध्ये उतरवताना संगणकाला खरखरीचा नमुना दाखवून ‘हे काढ’ म्हणून सांगता येते, आणि तो हुकूम बरहुकूम बजावतो. ज्या पट्टीत खरखर आहे त्या पट्टीतले सारेच तो उचलतो: जवारी, गायिकेचा श्वास, ‘ह’ आणि ‘स’ यांच्या कडा, तबल्याच्या चाटीची धार. भाच्याच्या फाइलमधली ती पोकळी म्हणजे ही सफाई होती. घरच्या देवाची जुनी पितळी मूर्ती लख्ख करण्याच्या नादात तिचे नाकडोळे झिजवावेत, तसा हा प्रकार. आणि जे करतात ते चांगल्या हेतूने करतात म्हणून त्याचे दुःख अधिक.

तिसरे कारण आवाजाच्या जातीशी नसून उंचीशी निगडित आहे, आणि संगीताच्या दृष्टीने मी ते सर्वांत मोठे समजतो. तबकडीवर ७८ छापलेले असले तरी जुन्या काळात प्रत्येक मुद्रण नेमके त्याच वेगाने झाले असे नाही. काही ७४ ला झाली, काही ८० च्याही वर. ७८ ची तबकडी साडेब्याऐंशीला फिरवली तर सगळे गाणे एका पट्टीने वर चढते. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गेला म्हणून समजा. त्याबरोबर तान अमानुष वेगाची होते आणि आवाज पातळ. चावीच्या ग्रामोफोनमध्ये चावी उतरत आली की उलट घडे. त्याची खूण तरी ऐकणाऱ्याला डोळ्यांनी दिसत असे. फाइलमध्ये मात्र चूक एकदा शिरली की ती स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या खोट्या नोंदीसारखी खरी होऊन बसते, आणि नवशिका विद्यार्थी त्या उंचीलाच त्या गायकाचा ‘सा’ मानून चालतो.

म्हणून आम्ही दोघांनी नक्कल नव्याने उतरवायचे ठरवले. भाच्याने एक जुळवता येणाऱ्या वेगाचे यंत्र मिळवले, आणि लाखेच्या रुंद रेघेसाठी लागणारी जाड टोकाची वेगळी सुई मागवली. विनाइलची सुई तिच्या तिप्पट बारीक असते, ती रेघेच्या तळाला लोळते आणि नुसती माती उकरते. वेग तपासण्यासाठी जी पट्ट्यांची कागदी चकती मिळते ती थाळीवर ठेवली. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिच्यावर पेटलेला साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकीत ७७ पट्ट्यांची चकती स्थिर दिसली की वेग ७८ ला येऊन ठेपला असे समजावे. खोलीतला नवा एलईडी दिवा याला निरुपयोगी ठरला. माळ्यावरचा जुना पिवळा बल्ब शोधून लावला, तेव्हा पट्ट्या हळूहळू थांबत गेल्या आणि एका क्षणी गोठून उभ्या राहिल्या. भाचा एवढा आनंदला की त्याने आईला बोलावून आणून दाखवले.

पहिल्यांदा नाट्यपदाची एक तबकडी घेतली, कारण तिच्यात पेटीची साथ होती. ७८ ला पेटीचा सूर आमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत होता. वेग थोडा उतरवला आणि तो पट्टीवर आला, आणि गायकाच्या आवाजातला तो नाकातला ताणही त्यासरशी गेला. केसरबाईंच्या तबकडीला हा आधार नव्हता. तिथे तानेचा स्वाभाविक झोक, छातीतून येणाऱ्या खर्जाचा घेर, तबल्याचा ठोका यांवरून कानानेच निवाडा करायचा होता, आणि आम्ही जो वेग ठरवला तो, का ठरवला या कारणासह, फाइलच्या सोबत लिहून ठेवला. उद्या अधिक जाणत्या माणसाला तो बदलावासा वाटला तर त्याने बेलाशक बदलावा. मोजणी सेकंदाला ९६,००० ठेवली, बिट २४, संक्षेप मुळीच नाही, सफाई मुळीच नाही. खरखर आहे तशी राहू दिली. ज्याला ती नको असेल त्याने या नकलेची दुसरी नक्कल करून तीत हवे ते करावे.

आणि ही नक्कल आवश्यकच होती. पंचगंगेचे पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या सखल भागात किती चढले हे सर्वांना आठवत असेल. आमच्या एका आप्तांच्या तळमजल्यावरील तबकड्यांची पाकिटे आणि कागदी लेबले त्या पाण्यात विरघळून गेली, आणि लेबल गेले की तबकडी निनावी होते. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेले, पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव लाभलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना या गावाने पाहिले आहे. दगड-लाकडाची ती वास्तू जर एका रात्रीत जाते, तर माळ्यावरच्या पेटीची काय कथा? याउलट आकड्यांची नक्कल दहा ठिकाणी ठेवली तरी दहाही तंतोतंत एकसारख्या राहतात, हा फाइलचा असा गुण आहे की ज्याच्या तोडीचे तबकडीपाशी काहीच नाही. मात्र ती दहा ठिकाणी ठेवली पाहिजे. मी स्वतः वीस-एक वर्षांपूर्वी घरगुती मैफलींची मुद्रणे घरीच सीडीवर उतरवून कपाटात ठेवली होती. त्यांपैकी निम्म्या आज कोणतेही यंत्र वाचत नाही, कारण घरी भरायच्या सीडीतला रंगाचा थर काळाने विटतो. त्यांच्या मूळ कॅसेटी मी जागा अडते म्हणून देऊन टाकल्या होत्या. त्यात आता न ऐकू येणारे दोन आवाज असे आहेत की त्यांचे दुसरे मुद्रण कोठेही नाही.

तेव्हा अस्सल टाकायचे नाही आणि नकलेला कमी लेखायचे नाही. केसरबाईंच्या याच भैरवीला एक तिसरा मुक्कामही मिळालेला आहे. १९७७ च्या ऑगस्टात आणि सप्टेंबरात अमेरिकेने जी दोन व्हॉयेजर याने सूर्यमालेबाहेर जाण्यासाठी सोडली, त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. पृथ्वीवरच्या निवडक संगीतात ही साडेतीन मिनिटे तिच्यावर कोरलेली आहेत, आणि ती तबकडी वाजवायची मिनिटास १६⅔ फेऱ्यांनी. कोणता वेग ठेवावा हे सांगणारी आकृती, आणि सोबत सुई, तिच्याजवळ ठेवण्याची खबरदारी पाठवणाऱ्यांनी घेतली होती. दुसरे यान ५ सप्टेंबरला उडाले. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत निवर्तल्या.

नक्कल पुरी झाली त्या रात्री पाऊस थांबला होता आणि गल्लीत कोणी नव्हते. भाच्याने चांगल्या प्रतीचा हेडफोन मला दिला, स्वतः दुसरा घेतला, आणि फाइल सुरू केली. खरखर आली, तिच्यामागून तंबोरा आला. शेवटचा षड्ज संपल्यावर सुई आतल्या रिकाम्या रेघेत शिरण्यापूर्वी अर्ध्या सेकंदाची एक जागा आहे; गायिका थांबलेली आहे, तबला थांबलेला आहे, आणि तारेवरचे बोट अजून थांबलेले नाही. भाच्याने ती जागा मागे नेऊन तीनदा लावली.

“आहे,” तो म्हणाला. “हितं आहे, मामा.”